तक्रार क्रमांक दोनशे चौदा

आमच्या ह्यांच्यावर माझा राग आहे असं कोणी म्हटलं, तर त्यात खोटं काही नाही. आहेच. पण तो रीतसर नोंदवलेला आहे, त्याची पावती माझ्या पर्समध्ये आहे, आणि ती माझ्याकडे कशी आली तेच सांगायला बसलेय. तेव्हा मध्ये बोलू नका.

हे बत्तीस वर्षं मोठ्या शहरात पाणीपुरवठा खात्यात होते. तक्रारीच्या खिडकीवर. काम एवढंच, की माणूस येणार, नळाला पाणी नाही म्हणणार, हे ते जाडजूड वहीत लिहिणार, नंबर टाकणार, पावती फाडून देणार आणि म्हणणार, "पुढचे." त्या तक्रारीचं पुढे काय झालं हे ह्यांना बत्तीस वर्षांत कधी कळलं नाही, आणि कळावं असं वाटलंही नाही. वहीत शेवटचा रकाना होता, 'निवारण'. तो खालच्या मजल्यावरचे लोक भरायचे. "नोंद आमची, निवारण त्यांचं," असं हे पाहुण्यांना छाती पुढे काढून सांगायचे, आणि पाहुणे बिचारे चहाच्या कपात बघायचे.

शिवाय ह्यांचा एक नियम होता. तक्रार लिहिताना तोंड बघायचं नाही. ह्यांच्या पहिल्या साहेबांनी शिकवलेला. "तोंड बघितलं की दया येते, आणि दया आली की अक्षर बिघडतं." अक्षर मात्र खरंच सुंदर हो, छापल्यासारखं. एकदा माझा सख्खा भाऊ गंमत म्हणून खिडकीवर जाऊन उभा राहिला. ह्यांनी मान वर न करता त्याची तक्रार लिहून घेतली, पावती दिली आणि "पुढचे" म्हणाले. भावाने ती पावती अजून जपून ठेवलीय. प्रत्येक लग्नात काढून दाखवतो.

आता माझं. मी नोकरी केली नाही, पण बावीस वर्षं एका हौशी नाटक मंडळीत प्रॉम्प्टर होते. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर संहिता घ्यायची, आणि कोणी अडलं की पुढचं वाक्य असं सांगायचं की नटाला ऐकू जावं आणि पहिल्या रांगेला जाऊ नये. ओठ हलवायचे नाहीत. श्वासावर बोलायचं. ही विद्या आहे बरं का. आमचे दिग्दर्शक, ज्यांना सगळे मास्तर म्हणायचे, ते म्हणायचे की नट मिळतात पैशाला पासरी, पण प्रॉम्प्टर जन्माला यावा लागतो. आठवड्यातून चार संध्याकाळी मी तिथे असायचे. तालमीनंतर सगळे मिळून तासभर नुसत्या गप्पा. घरी हे बोलत नव्हते त्याचं मला कधी काही वाटलं नाही, कारण माझा बोलण्याचा कोटा बाहेरच पुरा व्हायचा.

मग हे निवृत्त झाले आणि ह्यांच्या डोक्यात आलं की लहान शहरात राहायला जायचं. शांतता, मोकळी हवा, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. मी म्हटलं, चालत जाणार कुठे? तर म्हणाले, "हं." शेवटी ठरलं असं, की सहा महिने बघायचं. माझं मन रमलं नाही तर परत. मी ते दोनदा वदवून घेतलं. दोन्ही वेळा "हं" म्हणाले, आणि मी वेडी, ते होकारात धरलं.

इथे घर मिळालं ते वाचनालयाच्या मागच्या गल्लीत. पिवळं घर, वरचा मजला. जिन्यातली तिसरी पायरी हलते. पहिल्याच दिवशी मी हातात आरसा घेऊन वर चढताना त्या पायरीवर अशी डुगडुगले, की आरसा आणि मी दोघं थोडक्यात वाचलो. मी वरूनच ओरडले, "अहो, ती पायरी बघा!" ह्यांनी पायरी बघितली नाही. खोक्यातून कोरी वही काढली, पट्टीने रकाने आखले, लिहिलं, 'क्र. १, जिना, तिसरी पायरी', आणि मला पावती दिली. झालं. पायरी हलतेय ती हलतेच.

पहिले दोन महिने कसे काढले ते माझं मला माहीत. साडेनऊला हे अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून तयार. जायचं कुठेच नाही. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसे हे स्वयंपाकघरात. डब्यांना चिठ्ठ्या लावल्या. साखर 'स-१', मीठ 'म-१'. मला बावीस वर्षं संहिता पाठ राहिल्या, मला माझी साखर ओळखता येत नाही? एका सकाळी मी पोळ्या लाटतेय आणि हे मागे उभे राहून मोजतायत. मी लाटणं खाली ठेवलं आणि म्हटलं, "बाहेर जा. कुठेही जा. पाच वाजेपर्यंत तोंड दाखवू नका."

गेले. फिरायला जाणाऱ्या मंडळींच्या गटात गेले, तर पहिल्याच दिवशी विचारलं, ह्या गटाचा प्रमुख कोण आणि उशिरा येणाऱ्यांची नोंद कोण ठेवतं. दुसऱ्या दिवसापासून त्या मंडळींनी रस्ता बदलला आणि ह्यांना सांगितला नाही. बागेत बुद्धिबळ खेळायला बसले. समोरच्या पेन्शनर म्हाताऱ्याने चाल मागे घेतली. हे म्हणाले, "लेखी द्या." म्हाताऱ्याने पट उचलला आणि घरी गेला. एक कुंडीही आणली होती, टोमॅटोचं रोप म्हणून. दीड महिन्याने कळलं की ते गवत आहे. त्याला हे रोज पाणी घालायचे आणि उंची लिहायचे. खोटं वाटत असेल तर वही दाखवते.

पण ह्यांचं खरं दुखणं वेगळंच निघालं. एक दिवस केस कापून आले ते तोंड पाडून.

"काय झालं?" मी विचारलं.

"ह्या गावात कोणी तक्रारच करत नाही," हे म्हणाले.

झालं होतं असं. केशकर्तनालयात बसले असताना शेजारच्या शिंप्याने शीळ घालायला सुरुवात केली. एकच चाल, तीही बेसूर. केस कापणारा दात-ओठ खात होता. ह्यांनी विचारलं, रोज असंच? तो म्हणाला, "तीस वर्षं." मग तक्रार का करत नाही? तर म्हणाला, "कशी करणार? तो माझा साडू आहे. चालायचंच."

मग मीही कान टवकारले, आणि खरंच की हो, इथे जो तो चालायचंच म्हणतो. बस तासभर उशिरा आली, चालायचंच, चालक भाच्याचा सासरा आहे. पाव कच्चा निघाला, चालायचंच, बेकरीवाली धाकटी वहिनी लागते. अख्खं गाव एकमेकांचं कोणी ना कोणी लागतं, त्यामुळे तोंड उघडायची सोय नाही. सगळ्यांच्या पोटात तीस-तीस वर्षांचं साठलेलं, आणि वरून सगळे हसतमुख. मला तर येता-जाता ह्या लोकांच्या पोटाची काळजी वाटायला लागली.

आणि आमचे हे ह्या गावात कोणाचे कोणीच लागत नव्हते.

ते त्यांच्या लक्षात आलं नाही, ते आलं ग्रंथपालबाईंच्या. हे वाचनालयात जायला लागले होते. पंधरा दिवसांत बाईंच्या डोक्यावर मिरे वाटले. वर्तमानपत्रं तारखेप्रमाणे नाहीत, पंखा आवाज करतो, आत्मचरित्रांच्या कपाटात पाककृतीचं पुस्तक आहे. शेवटी बाईंनी व्हरांड्यातलं एक मोडकं टेबल दाखवलं, एक जुनी मोठी वही दिली आणि म्हणाल्या, "इथे बसा. जे म्हणायचंय ते लिहा. तुम्ही गावात कोणाचे कोणी लागत नाही, तेव्हा लोकांचंही लिहून घ्या. फक्त आत येऊ नका."

बाई सुटल्या, आणि ह्यांना खिडकी मिळाली. घरून ओला स्पंज आला, पट्टी आली, कार्बन पेपर आला, निरोप समारंभात मिळालेलं पेन आलं. पुठ्ठ्यावर पाटी आली: 'तक्रार नोंदणी. वेळ १० ते १ व २ ते ५. नाव सांगण्याची आवश्यकता नाही.' ही शेवटची ओळ मी सुचवली. माझ्याच पायावर माझा धोंडा, दुसरं काय.

पहिले दोन दिवस कोणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी तो केस कापणारा आला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि खांबाकडे तोंड करून म्हणाला, "एक मनुष्य आहे. शीळ घालतो." हे मान खाली घालून म्हणाले, "कोणत्या वेळी? किती मिनिटं? चाल ओळखीची आहे का?" तो बोलत गेला, हे लिहीत गेले. पाऊण तास. क्रमांक एक. पावती घडी करून त्याने वरच्या खिशात ठेवली आणि म्हणे असा हलका होऊन चालत गेला, जसा काही दाढ काढून आलाय.

दुसऱ्या दिवशी शिंपी आला. त्याची तक्रार अशी की शेजारचा एक मनुष्य आरसा अशा कोनात लावतो की दुपारभर ह्याच्या डोळ्यावर तिरीप येते, आणि सुई ओवता येत नाही, म्हणून वैतागून शीळ घालावी लागते. ह्यांनी ती क्रमांक 'एक-अ' म्हणून नोंदवली आणि कोणाला काही सांगितलं नाही. दोघांना बोलावून आरसा वीतभर सरकवला असता तर काम झालं असतं. मी म्हटलं तसं. तर हे म्हणाले, "निवारण आपल्याकडे नाही."

आणि गंमत सांगू? त्याचं कोणाला काही वाटलंच नाही! निवारण कोणाला हवं होतं? लोकांना हवी होती पावती. आपण सांगितलं, समोरच्याने लिहून घेतलं, नंबर पडला. बघता बघता रांग लागायला लागली. बेकरीवालीने जावेविरुद्ध तक्रार दिली, की एकवीस वर्षांपूर्वी नेलेली शिडी परत करत नाही. दाताच्या डॉक्टरने अख्ख्या गावाविरुद्ध दिली: रस्त्यात मी दिसलो की लोक तोंड मिटून घेतात, कोणी हसत म्हणून नाही. एक सत्तरीचे गृहस्थ स्वतःच्या वडिलांविरुद्ध घेऊन आले. वडील जाऊन चाळीस वर्षं झालेली. ह्यांनी पेन थांबवलं, विचार केला, आणि नवीन सदर उघडलं, 'मयत व्यक्ती'. त्या सदरात पुढच्या आठवड्यात नऊ तक्रारी आल्या.

गाव ह्यांना पावतीकाका म्हणायला लागलं. बाजारात मला लोक थांबवून सांगायचे, "वहिनी, तुमच्या साहेबांसारखं ऐकून घेणारा माणूस आम्ही पाहिला नाही हो! किती नशीबवान तुम्ही!"

मी काय बोलणार? दिव्याखाली अंधार तो कोणाला दाखवणार?

कारण पाच वाजून दहा मिनिटांनी हे घरी यायचे ते पिळून काढलेल्या फडक्यासारखे. दिवसभर ऐकून ऐकून ह्यांचं ऐकणं संपलेलं असायचं. मी म्हणायचे, आज असं झालं. "हं." खालच्या बाईंनी असं विचारलं. "हं." ती पायरी, अहो! "हं. नोंद आहे." नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे. मी दिवसभर त्या टोमॅटोच्या गवताशी बोलायला लागले होते. एक दिवस गवत काय म्हणेल ह्याची वाट बघत थांबले, तेव्हा मात्र मी घाबरले.

पाचवा महिना संपत आला आणि मास्तरांचा फोन आला. नवीन नाटक बसवतायत. तालमी एक तारखेपासून, शुक्रवार ते रविवार. "येतेस का? राहायची सोय तुझ्या बहिणीकडे होईलच. शनिवारपर्यंत सांग, नाहीतर दुसरी बघतो. पण तुझ्यासारखी मिळणार नाही." फोन ठेवला आणि मी अशी रडले, की रडायचं कारण मला तेव्हा सांगता आलं नसतं. बोलावलं कोणीतरी मला. नाव घेऊन.

मला ह्यांच्याशी बोलायचं होतं. जायचं तर नुसतं तालमीपुरतं जायचं, की सहा महिन्यांचा करार मोडून कायमचं जायचं, आणि गेले तर ह्या माणसाला काही फरक पडणार की नाही. एवढंच. सोमवारी जेवताना सांगितलं. "हं." मंगळवारी टीव्ही बंद करून सांगितलं. "हं," आणि वर म्हणाले, "आमटी चांगली झालीय." बुधवारी मी समोर उभं राहून, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हटलं, "मी जाऊ का?" तर म्हणाले, "ये जाऊन. येताना स्पंज आण."

गुरुवारी सकाळी हे गेले. मी भांडी घासली, वेणी घातली, बरी साडी नेसले, पर्स घेतली, तिसऱ्या पायरीवरून जपून उतरले आणि वाचनालयाच्या व्हरांड्यात जाऊन रांगेत उभी राहिले.

माझ्या पुढे चौघं होते. मागे केस कापणारा, त्याच्या मागे शिंपी. दोघं हल्ली एकत्र येत, एकमेकांविरुद्ध तक्रार द्यायला. मला बघून केस कापणारा म्हणाला, "वहिनी, डबा द्यायचा असेल तर पुढे व्हा ना." मी म्हटलं, "डबा नाही. तक्रार आहे." रांगेत अशी शांतता पसरली, की आत पंखा आवाज करतो हे ह्यांचं म्हणणं मला पहिल्यांदा पटलं.

पाऊण तासाने माझा नंबर लागला. मी स्टुलावर बसले. ह्यांची मान खाली. टक्कल तेवढं दिसत होतं, आणि त्याच्यावर मला राग येत होता.

"बोला," हे म्हणाले. "तक्रार कोणाविरुद्ध?"

मी विंगेतला आवाज लावला. श्वासावरचा. तिथे सगळेच कुजबुजत बोलतात, त्यामुळे ह्यांना काही वेगळं वाटलं नाही.

"नवऱ्याविरुद्ध."

"नवरा," ह्यांनी लिहिलं. "हयात?"

"तसं म्हणायला."

"स्वरूप?"

"ऐकत नाही."

"म्हणजे सांगितलेलं करत नाही, की कानाने ऐकू येत नाही? दोन्ही वेगवेगळ्या रकान्यांत जातं."

"कान शाबूत आहेत. दिवसभर बाहेर जगाचं ऐकतो. घरी आला की नुसतं हं म्हणतो."

"हं," हे म्हणाले.

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं आणि दुसऱ्याने त्याला गप्प केलं. ह्यांचं पेन चालूच. काय ते अक्षर, वेलांट्या कशा एका रेषेत!

"कधीपासून?"

"लग्नापासून. पण तिकडे माझं ऐकणारं दुसरं होतं. माझी मंडळी होती, काम होतं. ते सगळं सोडून मी त्याच्याबरोबर इथे आले. इथे मला ऐकणारं तो एकटाच. आणि त्याच्याकडे माझ्यासाठी काही उरत नाही."

हे लिहीत होते. एक शब्द गाळला नाही. मला वाटलं होतं मी तावातावाने बोलेन, पण मी पर्सचा बंद बोटाला गुंडाळत बसले होते.

"मागणी?" हे सगळ्यांना शेवटी हेच विचारतात.

"मला बोलावणं आलंय. शनिवारी उत्तर द्यायचंय. मी गेले तर त्याला काही फरक पडेल का, एवढं मला कळायला हवं."

"हे तुम्ही त्यांना विचारलंत?"

"तीनदा. एकदा टीव्ही बंद करून."

आणि मग बत्तीस वर्षांत जे कधी झालं नव्हतं ते झालं. ह्यांनी स्वतःचं मत दिलं. मान खालीच ठेवून, जीभ टाळूला लावून च्च केलं आणि म्हणाले, "कमाल आहे माणसाची!"

केस कापणाऱ्याने शिंप्याचा खांदा धरला. ग्रंथपालबाई दारात येऊन उभ्या होत्या, हातात पुस्तक तसंच.

"पत्ता?" हे म्हणाले. "नाव नको, गल्ली सांगितली तरी चालेल."

"वाचनालयामागची गल्ली."

लिहिलं.

"पिवळं घर. वरचा मजला."

'पिवळं घर' लिहिलं. 'वरचा' लिहिलं.

"जिन्यातली तिसरी पायरी हलते," मी म्हटलं, आता माझ्या नेहमीच्या आवाजात. "नोंद आहे."

पेन थांबलं. शाईचा थेंब उतरला वहीवर. ह्यांनी मान वर केली, आणि देवाशपथ सांगते, आमच्या लग्नातसुद्धा ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं नव्हतं.

"अगं, तू?"

"पुढचं लिहा," मी म्हटलं. "निवारण कोणाकडे पाठवायचं ते लिहा."

ह्यांनी वहीकडे बघितलं. शेवटचा रकाना. दोनशे तेरा तक्रारी त्या वहीत, तो रकाना वरपासून खालपर्यंत कोरा. आणि इथे खालचा मजला नव्हताच. ह्यांनी त्या कोऱ्या रकान्यावरून एकदा बोट फिरवलं. मग पेनला टोपण लावलं.

"खिडकी बंद," हे म्हणाले.

"अहो, साडेअकराच वाजलेत!" केस कापणारा ओरडला. "आणि खिडकी कुठाय?"

"बंद म्हणजे बंद!"

बत्तीस वर्षांत ह्यांनी वेळेआधी खिडकी लावली नव्हती. माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं त्या दिवशीसुद्धा पाच वाजल्यावरच आले होते, सफरचंदं घेऊन. आता हे उठले, स्वतःची पाठीची खुर्ची उचलून माझ्यापाशी ठेवली, मला तिच्यावर बसवलं आणि आपण स्टुलावर बसले. रांगेतलं एक माणूस हललं नाही. उलट पुढे सरकली सगळी.

"बोल," हे म्हणाले. "ऐकतोय."

आणि काय सांगू तुम्हाला, मी अडले! बावीस वर्षं मी अडलेल्यांना वाक्यं पुरवली, आणि माझी स्वतःची वेळ आली तर तोंडातून शब्द फुटेना. पाच महिन्यांचं साठलेलं सगळं, कुठे गेलं कोण जाणे. नुसती ह्यांच्याकडे बघत बसले. हे माझ्याकडे. आजूबाजूला दहा-बारा माणसं श्वास धरून उभी.

तेव्हा ह्यांनी वही पुढे ओढली, बोट ठेवलं आणि खाली वाकून म्हणाले, "'तिकडे माझं ऐकणारं दुसरं होतं...'"

इतकं वाईट प्रॉम्प्टिंग मी जन्मात ऐकलं नाही. थेट शिंप्यापर्यंत गेलं.

"हळू!" मी म्हटलं. "ओठ हलवायचे नसतात. श्वासावर."

"'माझी मंडळी होती, काम होतं,'" हे श्वासावर म्हणाले, आणि त्यांना ठसका लागला.

मला हसू आलं आणि त्या हसण्यातच रडू आलं, आणि मग मी जी बोलायला लागले ती एक वाजेपर्यंत. काय बोलले ते सगळं सांगत नाही. रांगेला ठाऊक आहे, म्हणजे गावाला ठाऊक आहे. हे मध्ये एकदाही हं म्हणाले नाहीत. शेवटी मी म्हटलं, "मग? जाऊ का?"

ह्यांनी पेनचं टोपण काढलं. "जा," म्हणाले. "आणि फरक पडेल. दोन्ही लिहितो."

तिथेच, सगळ्यांसमोर, निवारणाच्या रकान्यात लिहिलं. विभागाच्या जागी लिहिलं, 'मी'. पावती फाडून माझ्या हातात दिली. दोनशे चौदा.

शनिवारी मी मास्तरांना हो म्हटलं. तालमीपुरतं. गुरुवारी दुपारची बस, सोमवारी सकाळी परत. बस तासभर उशिरा येते, आणि हे तासभर माझी बॅग धरून स्टँडवर उभे राहतात. एकदा मी म्हटलं, चालकाची तक्रार द्या की. तर म्हणाले, "चालायचंच." पहिल्या सोमवारी घरी आले आणि जिना चढले. तिसरी पायरी हलली नाही. चार खिळ्यांऐवजी एकवीस ठोकलेत, सगळे वाकडे, पण हलली नाही. त्यांच्या अंगठ्याला पट्टी होती, त्याबद्दल मी काही विचारलं नाही. केस कापणाऱ्याचा आरसाही वीतभर सरकलाय असं कळलं. शिंपी शीळ घालायची थांबला नाही, त्याला सवय लागलीय.

ह्या गोष्टीला आता सात महिने झाले. नाटकाचे अकरा प्रयोग झाले, अजून चालू आहेत. व्हरांड्यातलं टेबल दर सोमवारी बंद असतं. त्या दिवशी वही घरी येते, स्वयंपाकघराच्या टेबलावर उघडली जाते, आणि हे दोनशे चौदा नंबरचं पान काढून म्हणतात, "बोला." मी बोलते. हे लिहून घेतात. खाली दरवेळी निवारणाच्या रकान्यात तेच: 'अपूर्ण. पुढील सोमवारी.' एकदा ह्यांनी 'पूर्ण' लिहायला पेन टेकवलं होतं, मी हात धरला.

अक्षर मात्र फार बिघडलंय ह्यांचं. तोंडाकडे बघत लिहितात ना.